शब्दसंपत्तीवर संशोधन करायचंय? आधी 'कोणते शब्द?' याचं उत्तर द्या



पेट झाली, मुलाखतीची तारीख आली, आता विषय काय मांडायचा? शिक्षणशास्त्राकडे किंवा भाषेकडे वळणारे बरेच जण 'उच्च प्राथमिक विद्यार्थ्यांच्या शब्दसंपत्तीचा अभ्यास' असं लिहून मार्गदर्शकांकडे जातात. मग पहिलाच प्रश्न येतो, "कोणते शब्द?" आणि गाडी तिथेच थांबते.

म्हणून आज याच प्रश्नावर बोलू. चौथी ते सातवीच्या मुलांना पुढच्या पातळीचे शब्द शिकवायचे म्हणजे नेमके कोणते, ते कसे शिकवायचे आणि ते आलेत हे मोजायचं कसं? उदाहरणं बीड जिल्ह्यातल्या आपल्या पाटोदा तालुक्यातली घेतो. मी विज्ञान शाखेतून आलोय, त्यामुळे उदाहरणांत विज्ञान-गणित जास्त आहे, पण मुद्दा सगळ्याच विषयांना लागू होतो.

एक प्रश्न, दोन निदानं

समजा, सहावीच्या चाचणीत असा प्रश्न आहे: 'अ आणि ब या भांड्यांत अनुक्रमे गरम आणि थंड पाणी आहे. दोन्हींत समान प्रमाणात साखर टाकली, तर कोणत्या भांड्यात ती लवकर विरघळेल?'

मुलीने 'ब' लिहिलं. तुम्ही नोंद करणार, 'विद्राव्यतेची संकल्पना अस्पष्ट.' पण चहात साखर लवकर विरघळते आणि गार पाण्यात वेळ लागतो, हे तिला रोज घरी दिसतं. कदाचित ती 'अनुक्रमे' या शब्दालाच अडली असेल. कुठल्या भांड्यात गरम पाणी आहे तेच तिला कळलं नसेल.

म्हणजे तुम्ही विज्ञान मोजतोय असं म्हणत होता आणि मोजली गेली भाषा. संशोधनाच्या भाषेत हा वैधतेचा प्रश्न आहे: जे मोजायचं ठरवलं तेच मोजलं जातंय का? इथे चूक झाली, तर पुढची सगळी सांख्यिकी बिनचूक असूनही निष्कर्ष चुकतो. आणि एका लेकरावर 'विज्ञानात कच्ची' हा शिक्का बसतो तो वेगळाच.

चौथीनंतर काय बदलतं?

अमेरिकन संशोधक जीन चॉल यांनी १९८३ मध्ये वाचनविकासाचे टप्पे मांडले. त्याचं सार असं, की पहिली दोन-तीन वर्षं मूल वाचायला शिकतं आणि साधारण चौथीपासून शिकण्यासाठी वाचू लागतं. चॉल आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कमी उत्पन्न गटातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चौथीच्या सुमारास घसरण सुरू होताना दिसली, आणि ती सर्वांत आधी शब्दार्थाच्या चाचणीत दिसली.

आपल्याकडे हा बदल पाठ्यपुस्तकांत सरळ दिसतो. बालभारतीच्या पुस्तकांत पाचवीपर्यंत 'परिसर अभ्यास' असतो. सहावीला त्याच जागी सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र अशी स्वतंत्र पुस्तकं येतात. प्रत्येक विषयाची वेगळी परिभाषा, लांब वाक्यं आणि सांगण्याची वेगळी रीत.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. असरच्या वाचनचाचणीत सर्वांत वरची पातळी दुसरीच्या स्तराचा उतारा वाचण्याची असते. सातवीतलं मूल तो उतारा घडाघडा वाचेल, 'वाचता येतं' या रकान्यात जाईल, आणि तरी भूगोलाचं पान त्याला कळणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

शब्दांचे तीन थर

इझाबेल बेक, मार्गारेट मॅककिओन आणि लिंडा कुकन यांनी २००२ मधल्या पुस्तकात शब्दांचे तीन थर सांगितले. ते मराठीत असे बसवता येतील:

- पहिला थर: रोजच्या बोलण्यातले शब्द. पाणी, डोंगर, पळणे, उपाशी.
- दुसरा थर: सगळ्या विषयांच्या पुस्तकांत येणारे, पण घरात न बोलले जाणारे शब्द. परिणामी, अनुक्रमे, घटक, प्रमाण, तुलना, अनुमान, वगळता, सापेक्ष, पर्यायी.
- तिसरा थर: एकेका विषयाची परिभाषा. बाष्पीभवन, अपवर्तन, पर्जन्यछाया, लसावि.

तिसऱ्या थराकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पुस्तक तो शब्द ठळक छापतं, व्याख्या देतं, गुरुजी फळ्यावर लिहितात, परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. दुसऱ्या थराला मात्र कुणी वाली नाही. 'परिणामी' हा शब्द विज्ञानाचे शिक्षक भाषेचा समजतात आणि भाषेचे शिक्षक तो सोपा समजून पुढे जातात. पण बाष्पीभवनाची व्याख्या ज्या वाक्यात असते, ते वाक्य याच शब्दांनी जोडलेलं असतं.

मग आपल्या शाळांत 'शब्दसंपत्ती' म्हणून काय चालतं? समानार्थी, विरुद्धार्थी, समूहदर्शक शब्द आणि म्हणी. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी त्यांच्या याद्या पाठ होतात. कमळाला पंकज, नीरज, अंबुज, सरोज असे चार-पाच शब्द तोंडपाठ, पण 'अनुमान काढा' म्हटलं की वही कोरी. याद्या वाईट नाहीत, त्यांचा उपयोग पुढे सांगतोच. पण विज्ञानाचं पान वाचायला लागणारे शब्द त्या यादीत नसतात.

लेकरू रिकाम्या हाताने येत नाही

पाटोदा बालाघाटच्या रांगेत, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. मांजरा नदी याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, आणि तरी उन्हाळ्यात इथे टँकर लागतात. इथल्या मुलांना पाण्याबद्दल शब्द कमी नाहीत.

'आटणे' बघा. तळं आटतं, दूध आटवतात, विहीर आटते, गाय आटते. दोरीवरचे कपडे मात्र 'वाळतात'. आता 'बाष्पीभवन' शिकवायचं म्हणजे काय? तळं आटणं, दूध आटणं आणि कपडे वाळणं या तीन गोष्टींत एकच क्रिया चालू आहे, हे मुलाला दिसायला हवं. विहीर आटते ती मुख्यतः भूजलपातळी खाली गेल्यामुळे, आणि गाय आटण्याचा तर इथे संबंधच नाही, हेही कळायला हवं. म्हणजे नवा शब्द घरच्या शब्दाचा नुसता समानार्थी नसतो. तो घरच्या तीन-चार शब्दांची वाटणी नव्याने करतो. 'बाष्पीभवन म्हणजे आटणे' एवढंच फळ्यावर लिहिलं, तर मूल विहिरीलाही तेच लावणार.

दुसरं उदाहरण गणितातलं. तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडला की, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, परततात. त्या घरातल्या मुलाला उचल, फेड आणि 'टनामागे' दर हे शब्द पक्के माहीत असतात. पुस्तक म्हणतं 'प्रति एकक', घर म्हणतं '-मागे'. टनामागे रुपये आणि तासामागे किलोमीटर यांत एकच विचार आहे. हा दुवा जोडला, की 'वेग म्हणजे एकक काळात कापलेलं अंतर' हे वाक्य उघडतं.

'व्यस्त प्रमाण' घ्या. 'व्यस्त' हा शब्द मुलाने फोनवर ऐकलेला असतो, 'क्रमांक व्यस्त आहे'. 'प्रमाण' प्रमाणपत्रात पाहिलेला असतो. दोन्ही ओळखीचे, पण गणितातला अर्थ वेगळाच. तोच फड, पण टोळीत कोयते दुप्पट असले तर दिवस निम्मे लागतात (नवरा-बायको मिळून एक कोयता). हे त्याला माहीत असतं, फक्त त्याला व्यस्त प्रमाण म्हणतात हे माहीत नसतं.

शिकवायचं कसं?

'भरपूर वाचा, शब्द आपोआप येतील' हा सल्ला अर्धाच खरा आहे. स्वानबॉर्न आणि द ग्लॉपर यांनी १९९९ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. सहज वाचनात भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी मुलं सरासरी १५ टक्के शब्द शिकतात, आणि लहान किंवा कच्च्या वाचकांत हे प्रमाण आणखी कमी असतं. त्यातही वर्षातले चार-पाच महिने फडावर जाणाऱ्या मुलाला पुस्तकच कमी भेटतं. म्हणून ठरवून शिकवावं लागतं. ढोबळ क्रम असा:

१. आठवड्याला आठ-दहाच शब्द, बहुतेक दुसऱ्या थरातले. निवड चालू धड्यातून.

२. आधी मुलाच्या बोलीत अर्थ. कोशातली व्याख्या नंतर.

३. तोच शब्द तीन वेगळ्या विषयांत. 'घटक' विज्ञानात, गणितात, नागरिकशास्त्रात.

४. मुलाला त्या शब्दाचा निर्णय घ्यायला लावा. 'इथे परिणामी चालेल का? का नाही?'

५. आठ-दहा दिवसांनी तोच शब्द पुन्हा आणा.

आणि शब्दाची फोड विसरू नका. मराठी परिभाषा बरीचशी संस्कृतातून घडवलेली आहे, आणि तेच तिचं बळही आहे. 'भवन' म्हटलं की पोरांना इमारत आठवते. पण '-ईभवन' म्हणजे होणं आणि '-ईकरण' म्हणजे करणं, हे एकदा सांगितलं की बाष्पीभवन, शुद्धीकरण, निर्जंतुकीकरण, विद्युतीकरण असे शब्द एकदम हाती येतात. मघाची कमळाची यादी इथे कामाला येते: पंक म्हणजे चिखल, 'ज' म्हणजे जन्मलेलं, म्हणून पंकज. मग पुढे जीवशास्त्रात 'अंडज' आला तर घाबरायचं कारण नाही.

मोजायचं कसं?

इथे तुमचं खरं काम सुरू होतं. तीन गोष्टी आराखड्यात आधीच लिहा.

पहिली, 'शब्द येतो' म्हणजे काय? एडगर डेल यांनी १९६५ मध्ये चार पायऱ्या सांगितल्या: कधी ऐकलाच नाही, ऐकलाय पण अर्थ माहीत नाही, संदर्भात अंदाज येतो, चांगला माहीत आहे. फक्त जोड्या लावा दिल्या, तर तिसरी आणि चौथी पायरी वेगळी करता येत नाही. मुलाला तोंडी समजावून सांगायला लावा, बोलीत सांगितलं तरी ते ग्राह्य धरा.

दुसरी, यश कशात मोजणार? एलमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. शिकवलेलेच शब्द असलेल्या उताऱ्यांवर आकलनातला परिणाम सरासरी ०.५० आला, पण सर्वसाधारण प्रमाणित चाचणीवर फक्त ०.१०. म्हणजे २० शब्द शिकवून 'वाचन आकलन सुधारले' असं शीर्षक देऊ नका. कोणत्या मजकुराचं आकलन, ते लिहा.

तिसरी गोष्ट पाटोद्यासारख्या ठिकाणी सर्वांत महत्त्वाची. पूर्वचाचणी सप्टेंबरात आणि उत्तरचाचणी जानेवारीत ठेवली, तर मधल्या काळात ऊसतोड कुटुंबांतली बरीच मुलं वर्गात नसतील. काही हंगामी वसतिगृहात, काही आजीकडे, काही थेट फडावर. उरलेल्या मुलांची सरासरी वाढली, तर ती तुमच्या पद्धतीमुळे की गळतीमुळे? त्यामुळे दोन्ही चाचण्या जून ते सप्टेंबर या काळात बसवा, किंवा गेलेल्या मुलांची पूर्वचाचणी वेगळी मांडून दाखवा. ज्यांच्यासाठी हा अभ्यास आहे, तीच मुलं तक्त्यातून गायब झाली तर अभ्यासाला अर्थ काय उरला?

शाळेत जाण्याआधी मुख्याध्यापकांची आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमती आणि संशोधन केंद्राच्या नैतिकता समितीची मान्यता घ्या. हे शेवटी करायचं काम नाही.

आजच करून बघा

सहावीच्या सामान्य विज्ञानाचा कुठलाही एक धडा घ्या. ठळक छापलेले शब्द बाजूला ठेवा. उरलेल्या मजकुरातले दुसऱ्या थराचे २० शब्द काढा. प्रत्येकासमोर तीन रकाने करा: घरी यासाठी काय म्हणतात, हाच शब्द दुसऱ्या कुठल्या अर्थाने ऐकलेला असू शकतो, आणि धड्यात तो कोणत्या वाक्याला आधार देतो.

हा तक्ता घेऊन मार्गदर्शकांकडे जा. "कोणते शब्द?" असं विचारलं, की तो पुढे करा. तुमचा विषय तिथून सुरू होईल.