हेस्टर आणि विजयालक्ष्मी

नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) या कादंबरीत प्युरिटन बॉस्टन नायिका हेस्टरला तान्ह्या लेकीसह चौथऱ्यावर उभं करतं, छातीवर व्यभिचाराचं लाल अक्षर. लेकीचा बाप, धर्मोपदेशक डिम्सडेल, वरच्या सज्जातून तिलाच विनवतो: बापाचं नाव सांग! पुढं त्याची प्रवचनं गाजतच राहतात. बाईला शिक्षा आणि पुरुष मोकळा, हे आपल्याकडंही घडलंय. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या खुनाबद्दल फाशी सुनावली गेली. शिक्षा नंतर कमी झाली. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. आपल्या विदर्भातल्याच, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांचा हिशेब मांडला. काय सणसणीत भाषा आहे बाईंची!

कुणी म्हणेल, हेस्टरनं लेक वाढवली, विजयालक्ष्मीनं बाळ मारलं, तुलना कसली? खून खूनच. पण हेस्टरला गावाबाहेर का होईना झोपडी होती, शिवणकाम होतं. इथं विधवेच्या गर्भारपणाची कुणकुण लागली की घर आणि जात दोन्ही सुटायची. म्हणूनच फुले दांपत्यानं १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं: गुपचूप या, बाळंत व्हा.

ऊर्जानगरकरांनो, यातलं काही वाचलं असेल तर लिहा, शंकाही विचारा.