सांस्कृतिक अनुदान आणि आपला जलसा

सांस्कृतिक वारशाचे जतन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम अजिंठा-वेरूळची लेणी उभी राहतात. ती दगडात कोरलेली आहेत. पहारा, डागडुजी आणि निधी यांची तजवीज झाली की ती टिकतात. जलसा, शाहिरी, जात्यावरची ओवी या परंपरा मात्र माणसाच्या कंठात राहतात. गाणारा गेला आणि त्याच्यामागे शिकलेला कोणी नसेल, तर त्यांचे भग्नावशेषही उरत नाहीत. अशा परंपरांसाठी शासनाचा पैसा कोणत्या वाटेने येतो आणि आपल्या वस्तीपर्यंत येताना तो कोठे अडतो, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे अनुदान म्हणजे शासनाची मेहेरबानी नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद २९(१) नुसार आपली वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या कोणत्याही नागरिक-गटाला ती जतन करण्याचा हक्क आहे. अनुच्छेद ५१-क मध्ये संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे.

केंद्र शासनाने १९५० च्या दशकात संगीत नाटक अकादमी स्थापन केली. पुढे १९८० च्या दशकात सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे उभी राहिली. महाराष्ट्र हा नागपूरच्या दक्षिण-मध्य आणि उदयपूरच्या पश्चिम अशा दोन्ही केंद्रांशी जोडलेला आहे. या केंद्रांच्या गुरू-शिष्य परंपरा योजनेत शिकवणारा गुरू, साथीदार आणि शिकणारे शिष्य अशा तिघांनाही मानधन मिळते. राज्यात हे काम सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे आहे. तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी यांच्या पथकांना ते अनुदान देते. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना १९५४-५५ पासून चालू आहे. पूर्वी तीत राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा श्रेणींनुसार वेगवेगळे मानधन होते. २०२४ पासून सर्वांना दरमहा ५,००० रुपये असा एकच दर झाला. अर्जदारांची निवड जिल्हा पातळीवरील समिती करते.

योजना आहेत, अडचण पुराव्याची आहे. कलाक्षेत्रात अनेक वर्षे काम केल्याचे कागद अर्जासोबत जोडावे लागतात. शहरातील नाट्यगृहात कार्यक्रम झाला तर जाहिरात, पत्रिका, वर्तमानपत्रातील कात्रण मागे राहते. गावच्या चावडीपुढे किंवा विहाराच्या अंगणात रात्रभर रंगलेल्या जलशाची पावती कोण देणार? शहरातही चाळीच्या पटांगणात गाणाऱ्या गायन पार्टीची स्थिती याहून फारशी वेगळी नसते. म्हणजे ज्यांच्या परंपरेला आधाराची गरज सर्वाधिक, त्यांच्याकडेच कागद सर्वांत कमी.

हे आपल्या इतिहासात नवीन नाही. आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेतला. परंतु त्यातून अस्पृश्यतेला जाब विचारला आणि बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसापर्यंत नेला. भीमराव कर्डक यांनी आपल्या जलशांची हकीकत स्वतः लिहून ठेवली आणि १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणून आज अभ्यासकाला त्यांचा पुरावा सापडतो. ज्यांनी लिहिले नाही, असे किती जलसाकार आपण गमावले असतील! हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यांत आहेत. नोंद झाली म्हणूनच त्या आज आपल्याला ऐकता येतात.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे आजोबा जुने जलसाकार होते. त्यांचा मानधनाचा अर्ज ‘पुरावा अपुरा’ या शेऱ्यासह परत आला. तेव्हा आमच्या नववीच्या मुलांनी एक वही केली. आजोबांची गाणी उतरवून घेतली, कोणत्या गावी, कोणत्या साली जलसा झाला ते विचारले, त्या गावांतील वयस्क मंडळींच्या सह्या आणल्या. दुसऱ्या खेपेस अर्ज मंजूर झाला. परंतु तोवर आजोबांचा आवाज बसला होता. वहीत एकतीस गाणी आहेत. चाली मात्र अकराच गाण्यांच्या मुलांना येतात. मानधनाने आजोबांच्या औषधपाण्याची सोय झाली, याचे समाधान आहे. उरलेल्या वीस चाली कोणत्याही अनुदानाने परत येणार नाहीत.

म्हणून मानधन आणि शिक्षण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागितल्या पाहिजेत. आपल्या घरी, आळीत, गावी कोणी जुना गाणारा असेल, ओव्या जाणणारी आजी असेल, तर त्यांची नोंद आजच करावी: नाव, गाव, साल, गाणे, आणि मोबाइलवर त्यांचा आवाज. ही नोंद अर्जाला जोडता येईल आणि मुलांना शिकताही येईल. गुरू-शिष्य योजनेची माहिती क्षेत्रीय केंद्राकडे मागावी आणि शिष्य म्हणून आपलीच मुले पुढे करावीत.

ती वही आमच्या शाळेच्या वाचनालयात ठेवली आहे. उरलेल्या वीस गाण्यांपैकी एखाद्याची चाल कोणास आठवत असेल, तर त्यांनी एक दिवस शाळेत यावे आणि मुलांना ती गाऊन दाखवावी.