शहर वसवणाऱ्याचा तोंडवळा

गेल्या हिवाळ्यात आमच्या इतिहास विभागाने जुन्या व्यक्तिचित्रांच्या छापील प्रतींचे लहानसे प्रदर्शन भरवले होते. मूळ चित्रे परदेशी संग्रहालयांत. आपल्या वाट्याला प्रतीच. तास झाला नाही म्हणून मी आणि माझा मित्र सहज आत शिरलो. एका चित्रापाशी मित्राने विचारले, "हा कोण रे?" मी म्हणालो, "असेल कुणी सरदार." मागे उभे असलेले सर हसून म्हणाले, "भडकल दरवाजावरून रोज कॉलेजात येता ना? तो याने बांधला."

तो मलिक अंबर होता! आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला. १६१० मध्ये त्याने खडकी येथे हे शहर वसवले, १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला, जमिनीखालून नहर खेळवून पाणी आणले. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. त्याचे नाव परीक्षेपुरते पाठ होते. तोंडवळा मात्र अनोळखी. मला मनापासून लाज वाटली.

ते चित्र हाशिम या मुघल दरबारच्या चित्रकाराने १६२० च्या सुमारास काढलेले. मूळ चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मुघल व्यक्तिचित्रांत चेहरा बहुधा एका बाजूने दाखवतात. त्याला एकचश्मी म्हणतात. नाक, कपाळ, हनुवटी यांची रेषा त्यात नेमकी पकडता येते. सावळा, वयस्क, पांढऱ्या वस्त्रांतला अंबर येथे ताठ उभा आहे. शत्रूच्या दरबारातील चित्रकाराचा कुंचला, पण चित्रात कुचेष्टा नाही.

शेजारच्या चित्रापुढे मात्र आम्ही गप्प झालो. ते अबुल हसनचे, १६१६ च्या सुमाराचे. मूळ डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. त्या मस्तकावर घुबड बसलेले.

असे कधी घडलेच नाही. १६१६ मध्ये मुघल फौजेने खडकी उद्ध्वस्त केली, पण अंबर हाती लागला नाही. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही फौजांचा एकत्रित पराभव केला. १६२६ मध्ये वृद्धापकाळाने तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. रणांगणावर जे साधले नाही, ते बादशहाने कागदावर साधून घेतले.

मग व्यक्तिचित्रावर विश्वास ठेवावा की नाही? मला वाटते, ठेवावा. पण साक्षीदारावर ठेवतो तसा, उलटतपासणी करून. चित्र कुणाचे एवढेच विचारून भागत नाही. ते कुणी काढले आणि कुणासाठी काढले, हेही विचारावे. मग खोटे चित्रही खरे बोलू लागते. अबुल हसनच्या चित्रातून अंबरचा अंत कळत नाही. जहांगीरची तळमळ मात्र कळते.

त्या दिवशी परतताना भडकल दरवाजापाशी आम्ही दोघेही थांबलो. चारशे वर्षांच्या त्या कमानी नेहमीच्याच होत्या. फरक इतकाच, की त्यांच्याकडे पाहताना आता एक चेहरा आठवत होता.