जित देशाचे कारभारी

हरलेल्या देशात आधी सेनापती राज्य करतो आणि घडी बसल्यावर मुलकी अधिकारी येतो, हा क्रम आपण धरून चालतो. सेनापतीने हुकूम सोडायचे आणि मुलकी माणसाने लोकशाही रुजवायची, अशी कामाची वाटणीही त्यातच गृहीत असते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीने दोन्ही प्रकारचे कारभारी पाहिले: १९४९ पर्यंत लष्करी गव्हर्नर आणि पुढे १९५५ पर्यंत उच्चायुक्त. ती दहा वर्षे तपासली की ही वाटणी टिकत नाही. सत्ता जर्मनांकडे परत सोपवण्याची अवघड पावले बहुतांशी सेनापतींनी उचलली. उच्चायुक्तांचा काळ सौम्य गेला तो मुख्यतः त्यांचे अधिकार लेखी कलमांत बांधले गेले होते म्हणून. कारभाऱ्याच्या अंगावर गणवेश आहे की कोट, यापेक्षा त्याला विरोध करू शकेल असा, लोकांनी निवडलेला कोणी समोर आहे की नाही, हे मला निर्णायक वाटते.

आरंभी असे कोणीच नव्हते. ५ जून १९४५ रोजी बर्लिनमध्ये चार विजेत्या राष्ट्रांच्या सेनापतींनी जर्मनीची सर्वोच्च सत्ता आपल्याकडे घेतल्याचे जाहीर केले. केंद्र सरकार उरले नव्हते. शहराचा महापौरसुद्धा लष्करच नेमी आणि लष्करच काढी. चौघांच्या नियंत्रण मंडळात निर्णय एकमतानेच व्हायचे, त्यामुळे जिथे एकमत होईना तिथे प्रत्येक सेनापती आपल्या राष्ट्राच्या ताब्यातल्या विभागाचा धनी. अमेरिकी विभागाचा गाडा पहिल्यापासून ओढला तो ल्यूशस क्ले यांनी, आधी उपगव्हर्नर म्हणून आणि १९४७ पासून गव्हर्नर म्हणून. ते लष्करी इंजिनियर. युद्धात त्यांनी आघाडीवर फौज चालवली नव्हती. पुरवठा आणि खरेदी सांभाळली होती. त्यांना वॉशिंग्टनहून मिळालेला आदेश कठोर होता: जर्मनीची आर्थिक उभारणी होईल असे काही करायचे नाही. असा आदेश हाती असताना क्ले यांनी जानेवारी १९४६ मध्ये लहान गावांत निवडणुका घेतल्या. शरणागतीला तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. त्यांचे सल्लागार, राज्यशास्त्राचे प्राध्यापक जेम्स पोलॉक, यांना ही घाई वाटत होती. लोकशाहीचा अभ्यासक थांबा म्हणत होता आणि जनरल मतपेट्या मांडत होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे सारे शीतयुद्धाने करायला लावले. १९४८-४९ पुरता तो बराचसा खरा आहे. सोव्हिएत नाकेबंदीमुळे बर्लिनला धान्य आणि कोळसा विमानांनी पोचवावा लागत असताना पश्चिम जर्मनीचे राज्य उभे करण्याला वेग आला, यात शंका नाही. पण १९४६ च्या गावनिवडणुकांना हा आक्षेप लागू पडत नाही; त्या वेळी क्ले सोव्हिएत अधिकाऱ्यांशी जमवून घेण्याच्याच मताचे होते. खरे कारण अधिक साधे होते. अमेरिकी सैनिक घरी परतत होते, आणि रेशन, शाळा, करवसुली, निर्वासितांची सोय हे सगळे रेटायला परक्या गणवेशातली माणसे पुरणार नव्हती. क्ले यांना हे उमगले, कारण त्यांची हयात साठा, वाहतूक आणि वेळ यांचा हिशेब करण्यात गेली होती. पोट भरत नसेल तर लोक लोकशाहीकडे वळणार नाहीत, असे ते वॉशिंग्टनला सांगत राहिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जर्मनांकडे कारभार सोपवला म्हणता, तर सर्वांत मोठा निर्णय, जून १९४८ ची चलन सुधारणा, लादलीच ना? होय, लादली. तिची हकिगत पाहण्यासारखी आहे. २० एप्रिल १९४८ रोजी काही जर्मन अर्थतज्ज्ञांना बसमध्ये बसवून कासेलजवळच्या रोथवेस्टेन या छावणीत नेले. भोवती काटेरी तार, दारावर पहारा, बाहेर कोणाशी संपर्क नाही. एडवर्ड टेनेनबाउम या २६ वर्षांच्या अमेरिकी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांनी सात आठवडे कायद्याचे मसुदे आणि फॉर्म तयार केले. त्यांनी स्वतःची योजना मांडली, ती जवळजवळ पूर्ण नाकारली गेली. नव्या नोटा तर अमेरिकेत आधीच छापून झाल्या होत्या. २० जूनच्या रविवारी प्रत्येकाला रोख ४० मार्क मिळाले. बँकेतल्या जुन्या १०० मार्कांचे अखेर साडेसहाच उरले. आयुष्यभराची बचत अशी पुसणारा निर्णय मते मागणाऱ्या कुठल्याही पक्षाला पेलला नसता. त्याचा रोष परक्या सेनापतींनी अंगावर घेतला आणि अकरा महिन्यांनी, मे १९४९ मध्ये, त्याच सेनापतींनी जर्मनांच्या नव्या राज्यघटनेला मान्यता दिली. अमर्याद सत्तेचे समर्थन करायचेच झाले, तर ते इतक्यापुरतेच करता येईल.

सप्टेंबर १९४९ मध्ये उच्चायुक्त आले. अमेरिकेचे जॉन मॅक्लॉय वकील आणि जागतिक बँकेचे माजी अध्यक्ष, फ्रान्सचे आंद्रे फ्रांस्वा-पाँसे मुरलेले राजनैतिक अधिकारी. ब्रिटनचे ब्रायन रॉबर्टसन मात्र कालपर्यंतचे लष्करी गव्हर्नरच होते. माणूस तोच राहिला, अधिकार बदलले, कारण २१ सप्टेंबरला ताबा-संहिता लागू झाली. निःशस्त्रीकरण, परराष्ट्र व्यवहार, परदेशी व्यापार अशी राखीव खाती तिच्यात नावानिशी लिहिली होती, उरलेले जर्मनांचे. त्या दिवशी पीटर्सबर्ग टेकडीवरच्या हॉटेलात तिघे उच्चायुक्त गालिच्यावर उभे राहणार आणि चॅन्सेलर आडेनाउअर यांनी गालिच्याबाहेर थांबायचे, असे ठरले होते. फ्रांस्वा-पाँसे स्वागताला पुढे सरकताच आडेनाउअर यांनीही गालिच्यावर पाऊल टाकले. ब्रिटिश लष्कराच्या एका ब्रिगेडियरने १९४५ मध्ये याच गृहस्थांना कोलोनच्या महापौरपदावरून काढून टाकले होते. आता त्यांच्यामागे संसदेचे बहुमत होते. दोनच महिन्यांत त्यांनी विजेत्यांनी मोडून न्यायच्या कारखान्यांच्या यादीतली कित्येक नावे वगळून घेतली.

या व्यवस्थेची किंमतही मोजावी लागली. समोरचा निवडून आलेला असला की त्याच्या मतदारांचे ऐकावे लागते, आणि त्या मतदारांत कालचे नाझी होते. नाझीमुक्तीचे खटले १९४६ मध्येच अमेरिकी विभागातल्या जर्मन मंडळांकडे गेले होते; तिथे बहुतेक जण निव्वळ प्रवाहपतित ठरून सुटले. जानेवारी १९५१ मध्ये मॅक्लॉय यांनी लांड्सबर्ग तुरुंगातल्या १५ मृत्युदंडांपैकी १० कमी केले. गुलाम मजूर राबवणाऱ्या आल्फ्रीड क्रुप यांना त्यांनी सोडले आणि जप्त संपत्तीही परत दिली. जर्मन लोकमताचा रेटा आणि जर्मन सैन्य पुन्हा उभारण्याची निकड त्या वेळी होतीच. गणवेशाबाहेरचा, सुसंस्कृत, कायदा जाणणारा कारभारी होता, तरी हा निर्णय मला अन्याय्यच वाटतो. पण उलट टोकही अमेरिकेच्या ताब्यातल्या इराकमध्ये दिसले. २००३ च्या मे महिन्यात तिथे निवृत्त जनरल जे गार्नर यांच्या जागी मुलकी प्रशासक पॉल ब्रेमर आले. काही दिवसांतच त्यांनी दोन आदेशांनी सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीला नोकरीबाहेर काढले आणि सारे सैन्य बरखास्त केले. त्यांना अडवू शकेल असा निवडून आलेला एकही इराकी त्या वेळी बगदादमध्ये नव्हता.