इग्बो भाषेचें प्रमाणरूप आणि बायबलचें भाषांतर

नायजेरियाच्या आग्नेय भागांतील इग्बो भाषेच्या बोली परस्परांहून फार भिन्न आहेत. त्यांतून ग्रंथभाषा कोणती घ्यावी, हा प्रश्न बायबलच्या भाषांतरकारांपुढें उभा राहिला. त्यांनीं क्रमानें तीन उत्तरें दिलीं.

पहिलें उत्तर इसुआमा. दास्यांतून सुटलेले निरनिराळ्या प्रदेशांतील इग्बो लोक सिएरा लिओन येथें एकत्र आले; त्यांच्या मिश्र बोलीवर हें रूप उभारलें होतें. सॅम्युअल क्राउथर यांचें इसुआमा बालबोध पुस्तक इ. स. १८५७ त निघालें. त्याच वर्षीं ओनिचा येथें मिशन स्थापन झालें, व जे. सी. टेलर यांनीं नव्या कराराचे भाग या रूपांत उतरविले. परंतु प्रत्यक्ष इग्बो प्रदेशांत ही कोणाचीच घरची बोली नसल्यामुळें ती मागें पडली.

दुसरें उत्तर ओनिचाची बोली. ती जिवंत होती खरी, पण दूरच्या गांवीं परकी वाटे.

तिसरें उत्तर आर्चडीकन टी. जे. डेनिस यांचें. ओवेरीजवळ एग्बू येथें राहून इग्बो सहकाऱ्यांच्या साह्यानें त्यांनीं ओनिचा, ओवेरी, बॉनी, आरोचुक्वू व उन्वाना या पांच ठिकाणच्या बोलींचा मेळ घालून ‘युनियन इग्बो’ सिद्ध केली. तींतील संपूर्ण बायबल १९१३ सालीं प्रसिद्ध झालें. कॅथॉलिक मिशन मात्र ओनिचाच्या बोलीसच धरून राहिलें. पुढें वर्णलेखनाचाही वाद माजला; तो १९६१ त ओन्वू समितीच्या निर्णयानें बव्हंशीं मिटला.

आपल्या व्याकरणपरंपरेंत शिष्टप्रयोग आधीं व शास्त्र मागून. येथें क्रम उलटा झाला. म्हणूनच चिनुआ अचेबे यांनीं १९९९ त ओवेरी येथील व्याख्यानांत या कृत्रिम रूपावर कठोर टीका केली. ती निराधार नाहीं. तथापि भिन्न बोलींच्या वाचकांना एक समान ग्रंथ याच रूपानें दिला, हेंही विसरतां येत नाहीं.

आणखी एक उणीव लिपीची. स्वरभेदानें ‘अक्वा’ या एकाच वर्णक्रमाचे रडणें, वस्त्र, अंडें व बिछाना असे अर्थ होतात; नित्याच्या मुद्रणांत स्वरचिन्हें बहुधा नसतात. स्वरांकित वैदिक पोथ्या हाताळणारांस याचें महत्त्व सांगावयास नको.

सारांश, जुनें इग्बो धर्मपुस्तक हातीं आल्यास तें ज्या गांवीं वापरलें गेलें तेथील बोलीचा पुरावा म्हणून एकदम स्वीकारूं नये. आधीं त्याचें साल पाहावें, व तें या तीन रूपांपैकीं कोणत्या रूपांत आहे हें ठरवावें. मगच त्यावरून अनुमान करावें.