झोपलेला कॉम्प्युटर बंद नसतो

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण गिरगाव-परळचा माणूस लॅमिंग्टन रोडच म्हणतो आणि कॉम्प्युटर बिघडला की त्याची पावलं तिकडेच वळतात. अशा बाजारात येणाऱ्या तक्रारींपैकी एक तक्रार काउंटरवर पोहोचेपर्यंत नाहीशी झालेली असते. रात्री नीट चालणारा कॉम्प्युटर सकाळी झोपेतून उठत नाही. माउस हलवला, कळा दाबल्या, तरी पडदा काळाच. मग वायरी काढून, ज्याला आपण सगळेच ‘सीपीयू’ म्हणतो तो डबा टॅक्सीत घालून आणला, दुकानात वायर लावून बटण दाबलं, आणि विंडोज नेहमीसारखं सुरू झालं. घरच्यांना वाटतं, वाटेत हादरे बसून सैल झालेलं काहीतरी जागेवर बसलं. खरं कारण साधं आहे. वायर काढल्यावर त्या यंत्राची अर्धवट अडकलेली झोप संपली आणि ते कोऱ्या पाटीने सुरू झालं. जो कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावर व्यवस्थित चालतो, त्याचा मदरबोर्ड ‘गेलेला’ नसतो. ही एक गोष्ट मनात पक्की बसली तर पुष्कळ पैसा आणि मनस्ताप वाचेल, म्हणून ती मुळापासून समजून घेतली पाहिजे.

सगळ्या गैरसमजांचं मूळ ‘स्लीप’ या शब्दात आहे. पडदा काळा, पंखा शांत, म्हणजे यंत्र बंद, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ही चालू असण्याचीच एक अवस्था आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ च्या अखेरीस ‘एसीपीआय’ नावाची नियमावली काढली. कॉम्प्युटरने वीज कशी वाचवायची, किती पायऱ्यांनी झोपायचं आणि कसं उठायचं, हे तिच्यात ठरवून दिलं आहे. तिच्यातली ‘एस-थ्री’ ही पायरी म्हणजे आपली नेहमीची झोप. यात प्रोसेसरची वीज तुटते, डिस्क थांबते, पण रॅमला वीज मिळत राहते, कारण उघड्या फायली, अर्धं लिहिलेलं पत्र, सगळं रॅममध्येच असतं. रॅममधली माहिती म्हणजे अतिसूक्ष्म विद्युतभार. तो सतत गळत असतो आणि साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. वीज तुटली की काही क्षणांत सगळं पुसलं जातं. ‘हायबरनेट’ म्हणजे ‘एस-फोर’ ही पायरी मात्र वेगळी. तिच्यात रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवतात आणि मग वीज खरोखर तोडतात. एक झोप विजेच्या आधाराने टिकते, दुसरी विजेविना. पुढचा जवळजवळ प्रत्येक गोंधळ या दोन झोपांमध्ये गल्लत केल्यामुळे होतो.

आपल्याकडची सवय घ्या. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एकाच एक्स्टेंशन बोर्डवर टीव्ही, मॉनिटर, सीपीयू आणि मोबाइलचा चार्जर असतो आणि रात्री निजताना घरातलं मोठं माणूस भिंतीवरचं बटण खाली करतं. ही सवय शहाणपणाचीच आहे. जुन्या वायरिंगच्या घरात तर फारच. पण कॉम्प्युटर झोपलेला असेल तर ते बटण त्याच्या आठवणीचा आधारच काढून घेतं. सकाळी तो ‘उठत’ नाही, कारण उठायला झोपच उरलेली नसते. त्याला पहिल्यापासून सुरू व्हावं लागतं आणि माउस हलवून तो सुरू होत नाही, बटणच दाबावं लागतं. विंडोजने यावर तोड काढली आहे. डेस्कटॉपवर सहसा ‘हायब्रिड स्लीप’ चालू असते, म्हणजे झोपतानाच एक प्रत डिस्कवरही ठेवली जाते आणि वीज गेली तरी काम वाचतं. लॅपटॉपला बॅटरी असते, म्हणून तिथे ती सहसा बंद असते. कुणी म्हणेल, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्टची वीज असते, ती क्वचितच जाते, मग ही चिंता कशाला? तरी १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईच्या फार मोठ्या भागाची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि तेव्हा घरोघरी कॉम्प्युटरवर शाळा-ऑफिस चालू होतं. अर्थात असा दिवस विरळाच. शहर भागात झोपलेल्या कॉम्प्युटरची वीज तुटते ती बहुधा घरातल्याच हाताने, आणि ती टाळणंही आपल्याच हातात आहे. भिंतीवरचं बटण बंद करायचंच असेल तर आधी कॉम्प्युटर ‘हायबरनेट’ किंवा ‘शट डाउन’ करावा.

दुसरा समज असा, की पडदा काळा म्हणजे यंत्र अजून झोपलेलं. अनेकदा यंत्र केव्हाच उठलेलं असतं, फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचत नाही. याची पारख करायला एक रुपयाही लागत नाही. कीबोर्डवरची ‘कॅप्स लॉक’ कळ दाबा आणि तिच्या बारीक दिव्याकडे बघा. तो दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही. कळ दाबल्याची खबर विंडोजकडे जाते आणि दिवा लावायचा हुकूम तिकडून परत येतो. दाबताना दिवा लागत-विझत असेल तर आत विंडोज जागं आहे. मग आधी मॉनिटरचं बटण बंद-चालू करा, एचडीएमआयची पिन काढून पुन्हा बसवा. तरी जमलं नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. त्याने चित्र दाखवणारा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्सचा भाग चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो आणि उघडं काम जसंच्या तसं राहतं. दिवाळी अंकांच्या दिवसांत गिरगाव-दादरच्या छपाईच्या कामांत रात्र-रात्र पानं लावणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की यंत्र सक्तीने बंद होतं आणि सेव्ह न केलेलं पान गेलं ते गेलंच. तो उपाय आहे, पण शेवटचा.

दिवा ढिम्म असेल आणि सक्तीने बंद करावंच लागलं, तर पुढच्या वेळी चालू झाल्यावर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावं. विंडोजची ही रोजनिशीच आहे. तिच्यात ‘कर्नल-पॉवर’ या नावाखाली ४१ क्रमांकाची लाल नोंद दिसते आणि नावात ‘पॉवर’ आहे म्हणून एसएमपीएस, म्हणजे डब्यातला वीज पुरवणारा भाग, खराब असा निष्कर्ष काढून नवा बसवला जातो. या नोंदीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. आपणच बटण दाबून धरलं होतं, तेव्हा ती नोंद आपल्याच कृतीची आहे, बिघाडाच्या कारणाची नाही. उपयोगाच्या नोंदी तिच्या आसपास असतात. ४२ क्रमांकाची नोंद यंत्र झोपायला कधी गेलं ते सांगते. ‘पॉवर-ट्रबलशूटर’ची १ क्रमांकाची नोंद झोपेची वेळ, उठण्याची वेळ आणि कोणी उठवलं, हे तिन्ही सांगते. ४२ नंतर ही नोंद असेल आणि तिच्यातली वेळ तुम्ही कळ दाबल्याची असेल, तर यंत्र उठलं होतं आणि घोटाळा पडद्याच्या बाजूचा होता. ती नोंदच नसेल, तर यंत्र बहुधा उठता उठता वाटेत अडकलं.

वाटेत अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण ड्रायव्हर, आणि या मुद्द्यावर मी ठाम आहे. उठताना आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डमध्येच असलेला मूळ प्रोग्रॅम, जागं होतं, मदरबोर्ड सावरतं आणि सूत्रं विंडोजकडे देतं. विंडोज मग ग्राफिक्स, वायफाय, साउंड, यूएसबी अशा एकेका भागाच्या ड्रायव्हरला उठवतं. एकाने उत्तर दिलं नाही की बाकीचे खोळंबतात. हा प्रकार इतका नेहमीचा आहे, की मायक्रोसॉफ्टने त्यासाठी ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ नावाचा स्वतंत्र निळा पडदाच ठेवला आहे. यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे ‘विंडोज मारून घ्या’. फॉरमॅट मारल्यावर काही दिवस यंत्र उठतंही, आणि त्यामुळे उपाय बरोबर होता असं वाटतं. पण विंडोज अपडेटमधून तोच ड्रायव्हर परत येतो आणि दुखणंही त्याच्या मागोमाग येतं. मध्ये मुलांचे फोटो आणि हिशेबाच्या फायली गेल्या तर त्या वेगळ्याच. त्याऐवजी हे दुखणं कधीपासून सुरू झालं ते आठवावं, त्या सुमाराला कोणतं अपडेट आलं ते बघावं आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये जाऊन त्या ड्रायव्हरला ‘रोल बॅक’ करावं, किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर आणि बायोस घ्यावं. ‘आधी तर चालत होता, मी काहीच केलं नाही’ हे म्हणणं खोटं नसतं. आपण काही केलेलं नसतं, पण रात्री अपडेटने केलेलं असू शकतं. यंत्र फक्त माउस-कीबोर्डने उठत नसेल आणि पॉवरच्या बटणाने उठत असेल, तर हा बिघाडही नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कीबोर्डच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर उठवण्याची परवानगी देणारी खूण असते, ती बहुधा निघालेली असते, एवढंच.

मग हार्डवेअरचा दोष कधीच नसतो का? असतो. मुंबईत पावसाळाभर हवेत ओल असते, गिरगावात समुद्राची खारी हवा, आणि गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहू लागल्यापासून परळ-लालबागमध्ये बांधकामाची बारीक धूळ. हे सगळं कॅबिनेटमध्ये जातं. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचा हा आपल्याकडचा जुना उपाय, आणि तो वेडगळ नाही. दातांवर ओलसर धुळीचा थर बसला की जोड कच्चा होतो आणि खोडरबराने तो थर निघतो. पण रॅमचा जोड कच्चा असेल तर यंत्र एरवीही कुरकुरेल, सुरू होताना बीप देईल, चालता चालता अडकेल. दिवसभर नीट चालून फक्त झोपेतून न उठणाऱ्या यंत्राची रॅम घासण्यात अर्थ नाही. एसएमपीएसचं मात्र थोडं वेगळं आहे. त्याच्या मदरबोर्डला जाणाऱ्या जुडग्यात एक जांभळी वायर असते. यंत्र झोपलेलं किंवा बंद असतानाही तिच्यातून ५ व्होल्टची वीज येत राहते आणि झोपेत रॅम जगते ती तिच्याच जोरावर. हा भाग कमजोर झाला तर यंत्र उठण्याऐवजी दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं, किंवा बटणाला दादच देत नाही. भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं नव्हतं याची खात्री असूनही असं वारंवार होत असेल, तर एसएमपीएस जरूर तपासून घ्यावा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मात्र उगाच बदनाम आहे. त्याचं काम घड्याळ आणि बायोसच्या नोंदी सांभाळण्याचं. तारीख-वेळ मागे पडत असेल तर तो बदला, पण झोपेतली रॅम त्याच्यावर जगत नाही.

यावर सरळ आक्षेप असा येईल, की एवढी यातायात कशाला, रोज रात्री शट डाउन करावं. सल्ला चांगला आहे, पण तोही वाटतो तितका स्वच्छ नाही. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात शट डाउन केल्यावर आपली कामं बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. म्हणजे शट डाउन हीसुद्धा अर्धी हायबरनेटच झाली. म्हणूनच शट डाउनने न गेलेलं दुखणं ‘रीस्टार्ट’ने जातं. रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. ज्यांच्या यंत्राला उठण्याचा त्रास आहे त्यांनी कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये पॉवरची बटणं काय करतात ते ठरवण्याच्या पानावर जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून बघावी. सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील. माझ्या मते हा सौदा परवडणारा आहे.

लॅपटॉपची गोष्ट आणखी वेगळी. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुनी एस-थ्री झोप ठेवलेलीच नसते. तिच्या जागी ‘मॉडर्न स्टँडबाय’ असते. फोन जसा खिशात असतानाही निरोप घेत राहतो, तसा हा लॅपटॉप झाकण मिटल्यावरही मधूनमधून जागा होतो. झाकण मिटून दादरला लोकलमध्ये चढलेल्या माणसाला चर्चगेटला उतरताना बॅग कोमट लागते, ती यामुळे. बॅटरी फार उतरली किंवा आत तापमान वाढलं की असा लॅपटॉप स्वतःहून हायबरनेट होतो, आणि मग झाकण उघडून पुष्कळदा उठत नाही. पॉवरचं बटण दाबून काही क्षण थांबावं लागतं, आणि नेमकं त्याच वेळी घाबरून ते बटण दाबून धरलं जातं. आपल्या यंत्रात कोणती झोप आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा तिरकी रेघ आणि ‘ए’ जोडून दिली की लगेच दिसतं. बॅगेत घालण्यापूर्वी झाकण मिटलं की झोपेऐवजी हायबरनेट व्हावं, असं नेमून देता येतं.

इतकं करूनही दुकान गाठावं लागलं, तर काउंटरवर ‘चालू होत नाही’ असं सांगू नये, कारण ते वाक्य ऐकून तपास मदरबोर्डपासून सुरू होतो. ‘झोपेतून उठत नाही, बंद करून चालू केला की दिवसभर चालतो, न उठलेला असताना कॅप्स लॉकचा दिवा लागतो,’ किंवा ‘लागत नाही’, असं सांगावं. आणि शक्य असेल तर यंत्र तिथेच झोपवून, पाच मिनिटं थांबून, आपल्या डोळ्यांसमोर उठवायला सांगावं.