वजन उतरलं, कातडी सैल राहिली

लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्या आपल्या बहिणी आम्हाला पदराआड पोट दाखवतात : "वजन उतरलं, पण ही लोंबती कातडी?" वर्षानुवर्षं ताणलेली कातडी पूर्ण आकसत नाही. व्यायामाने स्नायू भरतात, पण जादा कातडी जात नाही. हा तुमचा आळस नव्हे.

घडीत घाम साचून बुरशी होते. आंघोळीनंतर घडी टिपून कोरडी करा, सुती कपडे घाला. चिघळलं, वास आला, तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवा. डाळ, अंडी, दूध खा. लिहून दिलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडू नका.

कातडी काढायची असेल, तर शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने थांबा, वजन स्थिरावू द्या. घरच्यांनाही सांगा : हे दुखणं आहे, नखरा नव्हे.